सहावा खंड सर्वांत वर

आमच्या कार्यालयाच्या तळघरात तीस वर्षांच्या फायली सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे दप्तरभाऊ म्हणत. कुठलाही कागद मागा, चार मिनिटांत हजर. स्वतः भाऊ मात्र वर माणसांत यायचे ते फक्त डबा खायला.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी लग्न केलं, तेव्हा आम्ही चाटच पडलो. पत्नी दवाखान्यात परिचारिका, विधवा. तिला तेरा वर्षांची मुलगी. लग्नाला वर्ष होत आलं तरी भाऊंना एकच गोष्ट खात होती. मुलगी त्यांना काहीच म्हणत नसे. उद्धटपणा नाही, रुसवा नाही. पण बाबा नाही, काका नाही, तू नाही आणि तुम्हीही नाही.

"अहो, काहीतरी बोलत असेलच की," आमच्या टंकलेखिका बाई म्हणाल्या.

"बोलते ना. 'चहा ठेवलाय.' 'पंखा बंद केला तर चालेल का?' 'छत्री न्यायची आहे का?' वर्षभरात एकदाही कर्ता सापडला नाही हो!"

"मग विचारा सरळ, मला काय म्हणशील म्हणून."

"छे! मागून घेतलेलं काय कामाचं?"

मुलगी पक्की पुस्तकी किडा. मावशीने तिला वाढदिवसाला सहा खंडांची एक अद्भुत कादंबरी दिली होती, एकेक खंड विटेएवढा. त्यात चालता डोंगर होता, सगळं राज्य बुडवण्याची ताकद अंगात असलेली मिठागरातली एक पोर होती आणि तिला विद्या शिकवणारे लंगडे गुरुजी होते. मुलगी जेवताना वाचे, दात घासताना वाचे आणि मधेच "नालायक गुरुजी!" असं ओरडे. भाऊंनी ठरवलं, आपणही गुपचूप वाचायचं. बोलायला विषय तरी मिळेल.

इथे तीस वर्षांची सवय आडवी आली. फायलीत जुना कागद तळाला आणि नवा वर असतो. वाचणारा वरून सुरुवात करतो. आधी अंतिम आदेश बघायचा आणि तो का निघाला हे शोधत खाली जायचं. मुलीचे खंड घरभर पसरलेले असत. भाऊंनी ते नीट रचले, पहिला तळाला, सहावा सर्वांत वर. आणि वरचा उचलून पिशवीत घातला.

"समजतंय का काही?" मी विचारलं.

"मागचे संदर्भ लागत नाहीत. पण खाली असतीलच."

पानोपानी त्यांनी चिठ्ठ्या घातल्या होत्या. 'हा सज्जन दाढीवाला कोण? खाली पाहावे.' 'डोंगराला राग का? मागील कागद तपासावेत.' आम्ही हसून हसून बेजार झालो, पण भाऊंना त्यात काही वावगं दिसेना. सहावा संपवून त्यांनी पाचवा घेतला आणि उत्तर न सापडलेल्या चिठ्ठ्या त्यात हलवल्या. मुलगी तेव्हा चौथ्यात होती.

एका संध्याकाळी जेवताना ती आईला म्हणाली, "हे गुरुजी ना, एक नंबरचे नीच आहेत!"

भाऊंना राहवलं नाही. "असं बोलू नये गं. तिच्यासाठी जीव देतात ते. डोंगराच्या पोटात, पान चारशे बारा."

मुलीचा घास हातातच राहिला.

"मरतात? गुरुजी मरतात? तू शेवट आधी वाचलास? मूर्ख आहेस का तू? तुला कळत कसं नाही?"

"अगं ए, कोणाशी बोलतेस अशी!" आई कडाडली.

"ह्याच्याशी!" असं म्हणून मुलीने खोलीचं दार आपटलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ डब्याला आले ते लॉटरी लागल्यासारखे. "'तू' दोनदा, 'तुला' एकदा, आणि वर 'ह्याच्याशी'!"

"भाऊ, शिव्या खाल्ल्यात तुम्ही," बाई म्हणाल्या.

"खाल्ल्या ना!"

पण नंतरचे दोन दिवस मुलगी चकार शब्द बोलली नाही. चहा ठेवल्याचंही सांगेना. भाऊंचा चेहरा पडला. होतं ते बिनकर्त्याचं बोलणंही आपण घालवून बसलो, असं त्यांना वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाचवा खंड उघडला, तर चिठ्ठ्यांवर उत्तरं होती. दाढीवाल्याच्या चिठ्ठीखाली, 'खंड दोन. चोर आहे तो. तू त्याला सज्जन समजतोयस, धन्य आहे!' डोंगराच्या चिठ्ठीखाली, 'सांगणार नाही. तू माझा शेवट फोडलास, मी तुझी सुरुवात फोडणार नाही. मी तुझ्यापेक्षा चांगली आहे.' मग पत्रव्यवहारच सुरू झाला. ती खंड चढत होती, भाऊ उतरत होते.

एका रविवारी सकाळी भाऊ पहिल्या खंडाच्या शेवटाला पोहोचले. तिथे गुरुजी त्या पोरीला अठरा खेचरांच्या बदल्यात विकून टाकतात. ज्या माणसासाठी भाऊ चिठ्ठ्यांतून महिनाभर भांडले, तो असा निघाला! ते ओट्यापाशी पुस्तक धरून मुसमुसू लागले. मुलगी दात घासत आली, पान पाहिलं आणि म्हणाली, "थांब रे बाबा, रडू नकोस. पुढे सुधारतो तो."

"माहीत आहे गं मला," भाऊ म्हणाले, "तरीपण!"

सोमवारी डबा बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला विचारलं, "'थांब रे बाबा' यातला बाबा कोणता धरायचा? आपण 'नको रे बाबा' म्हणतो तसला, की..."

"मधे स्वल्पविराम होता का?" बाईंनी विचारलं.

"बोलताना तो ऐकू येतो का हो?"

"म्हणजे 'बाबा'च्या आधी ती जरा थांबली का?" मी म्हटलं.

"तोंडात ब्रश होता हो तिच्या!"

अर्धं कार्यालय वादात पडलं. आस्थापनेवाले म्हणाले, 'रे' आहे म्हणजे नुसता उद्गार. बाई म्हणाल्या, घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणजे वडीलच. शेवटी भाऊंनी धीर केला.

मंगळवारी ते आले.

"विचारलं तिला. कोणता बाबा गं?"

"मग?"

"म्हणाली, 'कोणता म्हणजे? तोच.' आणि परत पुस्तकात डोकं घातलं."

"अहो, पण तोच म्हणजे कोणता?" बाईंनी कपाळावर हात मारला.

"तोच हो," भाऊ म्हणाले, आणि डबा उघडायचं विसरून हसत बसले.