तोंडी परीक्षेतलं खडेमीठ

परवा कामोठ्याच्या नाक्यावर पेरू घेतला. खडेमिठाची पहिली कणी दाताखाली कुरकुरली आणि मी थेट पनवेलच्या आमच्या कॉलेजात, इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत जाऊन बसले.

मी तेव्हा नवखी प्राध्यापिका होते. परीक्षा घेत होत्या आमच्या विभागप्रमुख सबनीस मॅडम, मी शेजारी बसून बघत होते. समोर उरणकडच्या मिठागरावरची एक मुलगी. नापास झाली तर घरचे पुढे शिकवणार नव्हते. 'माझा आवडता सण' या विषयावर बोल म्हटलं, तर ओढणीचं टोक पिळत ती पुटपुटली, "मला नाय येत, मॅडम."

मॅडमनी विषयाची चिठ्ठी बाजूला सारली. डब्यातल्या काकडीसोबतची मिठाची पुडी टेबलावर उघडली आणि सोप्या इंग्रजीत विचारलं, हे तयार कसं होतं?

मुलीने मिठाची एक कणी चिमटीत उचलली. मग एकेक इंग्रजी शब्द शोधत बोलायला लागली. भरतीचं पाणी, बांध, ऊन, बापाच्या चिरलेल्या टाचा. मॅडम पुढे झुकून विचारत होत्या, मग? आणि पाऊस आला तर? पुढची मुलं दाराशी ताटकळली, तरी दोघींचं बोलणं संपेना. ती चांगल्या गुणांनी पास झाली.

आता मीच परीक्षकांना शिकवते, गुणांचे तक्ते समजावते. पण भाषेची परीक्षा म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. मी विचारलं होतं, "मॅडम, मीठ कसं होतं ते तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

त्या चकित होऊन म्हणाल्या, "अगं, माहीत असतं तर विचारलं कशाला असतं?"