अंगठ्याखालचा चारमिनार

बरकतपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहणारे काका दर रविवारी निजामाच्या काळातलं एखादं नाणं घेऊन वर यायचे. मी कॉम्प्युटरवर त्याची माहिती शोधेपर्यंत तास जायचा. खरं सांगायचं तर वैतागूनच मी त्यांच्या फोनवर फोटोवरून नाणं ओळखणारं ॲप टाकून दिलं.

तीन रविवार काका फिरकले नाहीत. चौथ्या रविवारी दारात उभे.

"तुमचं मशीन परेशान झालंय हो. ओळखतच नाही."

मी फोनमधला फोटो पाहिला. नाण्यावरचा चारमिनार त्यांनी अंगठ्यानं झाकला होता, चुकून झाकला म्हणता येणार नाही इतका नीट.

"कठीण आहे काका," मी म्हणालो. "बसा. वेळ लागेल."