दोन्ही डिशना सारखंच खाणं

माझी थोरली बहीण भाजे गावात राहते. लहानपणापासून ती अंगानं भरलेली, आणि मी काडी. घर एक, चूल एक. त्यामुळे सगळ्यांनी एकच अर्थ काढला, ही जास्त खाते.

कुरवंड्याला, मामाच्या गावी, मामेबहिणीच्या हळदीत आम्ही पंगतीला बसलो होतो. ताई तेव्हा सतरा वर्षांची असेल. मामी मोठ्यानं म्हणाली, "हिला ताट नगं, परात द्या." सगळी पंगत हसली. मीही हसले. त्यानंतर ताई आमच्याबरोबर जेवायला बसलीच नाही. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात एकटी उरकायची. मग घरात नवीच कुजबुज सुरू झाली: चोरून खात असणार. मलाही ते खरंच वाटायचं.

पुढे मी शिकले आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागले. ताई लग्नानंतर गावाकडेच राहिली. भातलावणी, गुरं, शनिवार-रविवारी येणाऱ्या पर्यटकांसाठी पिठलं-भाकरी, सगळं तिच्याच अंगावर. चार वर्षांपूर्वी बांधावरून घसरून तिचा घोटा मोडला. दाजी कामावर जायचे, म्हणून मी रजा काढून तीन आठवडे तिच्याकडे राहिले. स्वयंपाक मी करायचे, वाढायचेही मीच. ती सकाळी कपभर चहा घ्यायची, दुपारी एक भाकरी आणि कालवण, रात्री अर्धी भाकरी. माझं जेवण तिच्यापेक्षा जास्त होतं. त्या तीन आठवड्यांत मला तिच्याकडे नीट बघवत नव्हतं.

आमच्या प्रयोगशाळेत चरबीच्या पेशी कशा तयार होतात याचा अभ्यास चालतो. पेशी जन्मतःच चरबीची नसते. आधी ती साधी, लांबट असते. तिला आजूबाजूच्या पेशींकडून निरोप येतात, आणि ते निरोप काही प्रथिनं पोचवतात. आम्ही ज्या प्रथिनावर काम करतो ते पेशीला थोपवून धरतं. ते असलं तर पेशी बहुतेक तशीच राहते. ते कमी पडलं तर ती गोल होते आणि आत तेलाचे थेंब साठवू लागते.

गेल्या वर्षी आमच्याकडे लोकांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता. मी ताईला घेऊन गेले. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाढवलेली एक काचेची डिश ठेवली, मग दुसरी. पहिलीत फिकट, लांबट पेशी होत्या. दुसरीत रंग दिलेले थेंब डाळिंबाच्या दाण्यांसारखे गच्च लाल दिसत होते.

ताईनं बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हिला जास्त खायला घातलं व्हतं का?"

"नाही. दोन्ही डिशना सारखंच."

"सारखंच?"

"थेंबाचाही फरक नाही. फक्त दुसरीत ते थोपवणारं प्रथिन बंद केलंय."

तिनं पुन्हा डोळा लावला. पाठीमागे लोक रांगेत ताटकळले होते, पण तिला हलायला सांगण्याची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर झाडाखाली बसल्यावर ती म्हणाली, "त्या हळदीत तूबी हसली व्हतीस."

"हो ताई. चुकलं माझं."

"तू ल्हान व्हतीस," ती म्हणाली. "पर मला लय लागलं व्हतं."

मग तिनं विचारलं, "म्हंजी माज्यात ते परथिन कमी हाय?"

हो म्हणून टाकावं असं फार वाटलं. पण डिशमधल्या पेशी उंदराच्या होत्या, आणि माणसाच्या अंगात असे कितीतरी निरोप एकाच वेळी चालू असतात. मी तसं सांगितलं. "माहीत नाही ताई. तुझ्यासाठी औषधही नाही माझ्याकडे."

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

महिन्याभरानं तिचे दुखणारे गुडघे दाखवायला तिला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वर न बघताच लिहायला लागले. "खाणं कमी करा."

ताई शांतपणे म्हणाली, "मी काय खाती ते आदी इचारा की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं. तिनं सकाळच्या चहापासून सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्यांतून फारसं काही निघालं नाही. गुडघे अजून दुखतात, वजनही तेवढंच आहे. मात्र त्या दवाखान्यातून बाहेर पडताना ती माझ्यापुढे चालत होती, आणि तिला गाठायला मला भराभर पावलं उचलावी लागली.