वडिलांना काय म्हणतोस?

म्हातारा कुणाला नाव विचारत नसे. घरी वडिलांना काय हाक मारता, ते विचारी. कतारमधल्या रास लफानच्या गॅस प्रकल्पात शटडाउनच्या काळात, दुरुस्तीसाठी सगळं बंद असताना, रिकाम्या टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाचं उत्तर तो मॅनहोलशेजारी खडूने लिही: आबा, अण्णा, अब्बा. तो स्कॉटलंडचा होता, आमचा सेफ्टीवाला. मी त्याचा मदतनीस.

"आमच्याकडेही जागा बदलली की शब्द बदलतो," तो सांगे. "ग्लासगोत दा, नाहीतर पॉ. इतरत्र फेदर. वर उत्तरेला फॅडर."

काम सुरू असताना दर दहा मिनिटांनी तो वाकून आत तोच प्रश्न विचारी. 'ओके' त्याला चालत नसे. आमची माणसं अर्धवट झोपेतही ओके म्हणतात. प्राणवायू कमी पडला तर माणसाला कळत नाही. तोंड सवयीने बोलत राहतं. एकदा चहाच्या सुट्टीत तो म्हणाला, "माझा दा जहाजाच्या टाकीत होता. मी वर मॅनहोलशी. ठीक आहेस ना, तीनदा विचारलं. तीनदा हो म्हणाला." मग उरलेला चहा ओतून तो उठला.

कराडकडचा सोपान वेल्डर या प्रश्नाला वैतागे. त्या सकाळी तो आत होता.

"आबा!" त्याने उत्तर दिलं, आणि आम्हाला ऐकू जाईल असं मराठीत ओरडला, "दर दहा मिन्टाला बाप बदलतोय व्हय?"

आम्ही हसलो. म्हाताऱ्याने फक्त 'आबा' ऐकलं.

पुढच्या वेळी आतून आलं, "ओके, साहेब."

त्याने पुन्हा विचारलं.

"ओके, ओके." आवाज खुशीत होता.

"ऑक्सिजनचं मीटर बरोबर दाखवतंय," फोरमन म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम उरलंय. यल्ला, चालू दे."

म्हाताऱ्याने सोपानच्या कमरेची दोरी ओढायला घेतली. मीही हात लावला.

सोपान हसतच बाहेर आला. ओठ निळे पडले होते. "मला काय धाड भरलीय? कशाला काढलं?" पाण्याच्या बाटलीचं झाकण मात्र त्याला फिरवता येईना. टाकीत येणारी नायट्रोजनची एक लाइन बंद करायची राहिली होती; तो वायू आतला प्राणवायू हटवत होता. मीटर मॅनहोलशी टांगलेलं, सोपान दूरच्या कोपऱ्यात.

"शेवटी शेवटी त्रास होत नाही," म्हातारा मला हळूच म्हणाला. "छान वाटतं."

महिन्याभरात तो कायमचा मायदेशी गेला. आता मॅनहोलशी मी बसतो. आत कुणी गाणं गुणगुणू लागला की बाहेरचे दाद देतात. माझा हात दोरीकडे जातो.