लेकीच्या हातातला दोर

वर्गात खडूची पूड बोटांना लागली की मला कोकणातला तो कडा आठवतो. आम्ही धुळ्याकडची माणसं, समुद्रही मी तेव्हा पहिल्यांदाच पाहत होते. कॉलेजातल्या लेकीच्या हट्टापायी तिच्या गिर्यारोहण क्लबाबरोबर गेले होते. दाट झाडीतल्या त्या कड्यात दोर अडकवायला ओळीने लोखंडी बोल्ट ठोकलेले होते. "सगळ्यांत सोपी वाट आहे ताई," प्रशिक्षक म्हणाला. माझ्या कमरेचा दोर एकेका बोल्टात अडकवत मी चढत होते, खाली तो लेकीने धरला होता. तिसऱ्या बोल्टच्या वर पोचले आणि खाली पाहिलं. झाडीपलीकडे लाटा आदळत होत्या, पकड राहावी म्हणून लावलेली खडूची पूड भिजून घामाने बोटं निसटत होती. चौथा बोल्ट हातभरच दूर होता, पण हात पुढे जाईना. "पोरी, मी पडतेय गं!" मी ओरडले. "माय, भिऊ नको, मी धरेल शे!" दोर धरलाय, असं एरवी घरातही पुस्तकी बोलणारी माझी लेक खालून आमच्या अहिराणीत ओरडली. तेवढ्यात माझा हात सुटला. झटका बसून मी अधांतरी लटकले, आणि माझ्या वजनाने ती जमिनीवरून उचलली जाऊन कड्यावर आदळली. तिचं कोपर सोलवटलं, पण तिने दोर सोडला नाही. आता ती परगावी नोकरी करते. रोज फोनवर तब्येत विचारते, तेव्हा मला तिचं ते सोललेलं कोपर आठवतं, आणि काही दुखत असलं तरी मी तिला सांगत नाही.