वडिलांच्या नावाची नक्कल

माझं लग्न ठरलं कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये. मुलगा मी आधीच पसंत केला होता, पण वडिलांचा होकार मिळवायला मला तिथली धूळ खावी लागली.

आम्ही गिरगावातले. मी परळच्या एका औषध कंपनीत टायपिस्ट होते आणि मुलगा तिथेच सेल्समन होता. राहायचा काळाचौकीच्या चाळीत आणि कंपनीची व्हॅन घेऊन दुकानं फिरायचा. पत्रिका जुळली होती, नोकरी पक्की होती, नाकीडोळी नीटस होता. वडिलांना हरकत घ्यायला जागाच सापडेना, म्हणून ते आठवडाभर नुसते येरझारा घालत होते. तेवढ्यात प्रभादेवीहून आत्या आली.

"दादा, ऐकलंस का? त्या मुलाला म्हणे दारू पिऊन गाडी चालवताना धरलंय. कोर्टात उभा होता. आमच्या शेजारणीच्या जावेनं डोळ्यांनी पाहिलाय."

दारूबंदीचे दिवस होते ते. दारूचं नाव काढलं तरी माणसं आवाज खाली आणत. वडिलांनी मात्र अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "पिऊन मोटार चालवणाऱ्याच्या घरात माझी मुलगी जाणार नाही. विषय संपला!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "अगं, व्हॅनचा मागचा दिवा बंद होता. त्याचा दंड झाला, बस्स. दारू कसली, त्या दिवशी धड चहा मिळाला नव्हता मला."

मी घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. वडील एका सॉलिसिटरकडे हेडक्लार्क. जे कागदावर नाही ते जगात नाही, असा त्यांचा खाक्या. आई या घरात राहते हेसुद्धा ते बहुधा रेशनकार्डावर तिचं नाव आहे म्हणूनच मानत असावेत.

"तोंडानं काय, कुणीही सांगेल," ते म्हणाले. "कागद दाखव."

"दाखवते. उद्याच कोर्टात जाऊन नक्कल काढते."

वडिलांचा हात चष्म्यापाशी थबकला. "कोर्टात? तू? मुलीच्या जातीनं कोर्टाची पायरी चढायची?"

"पण अण्णा, तुम्हीच कागद म्हणालात."

"राहू दे कागद!"

जन्मात पहिल्यांदा ते कागद राहू दे म्हणाले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण मी तापले होते, आणि मी तापले की मला स्वतःपलीकडचं काही दिसत नाही.

आता वडिलांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या चाळीत ते सत्याग्रही म्हणून ओळखले जात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात असताना एकदा ते रात्री घरी आलेच नाहीत. आईच्या जिवाला घोर लागला. सकाळी चाळीतली मंडळी आपल्या दोन पकडलेल्या तरुणांना आणायला हार घेऊन कोर्टाच्या दारात गेली, तर त्या दोघांच्या मागोमाग आमचे वडील बाहेर! मंडळी थक्क झाली. हेडक्लार्कसाहेबांनी कुणाला न सांगता मोर्चात उडी घेतली! तिसरा हार नव्हता, तर एकानं आपल्या गळ्यातला काढून त्यांच्या गळ्यात घातला. घोषणा देत त्यांना चाळीत आणलं, बायकांनी ओवाळलं. ते मात्र खाली मान घालून उभे होते. काय तो विनय, असं सगळे म्हणाले.

आमच्याकडे आजोबांच्या वैभवातली एक म्हातारी मोटार तेवढी उरली होती आणि वडील ती रविवारी चालवायचे. त्या दिवशी त्यांनी ओवाळणीच्या ताटासमोर जाहीर केलं, "मुंबई महाराष्ट्राला मिळेपर्यंत मी मोटारीच्या चाकाला हात लावणार नाही." चाळीतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. तेव्हापासून गणपतीत पहिल्या आरतीचा मान वडिलांचा, आणि मोटारीचा उपयोग पापड वाळत घालायला.

तर मी हाफ डे टाकला आणि कोर्टात गेले. रेकॉर्ड रूमचे कारकून तपकीर ओढत बसले होते. माझा अर्ज त्यांनी हातात घेऊन नीट पाहिला, मग मला पाहिलं.

"स्थळ का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"बाई, निम्म्या गिरगावच्या सोयरिकी या खोलीतून पास होऊन जातात." त्यांनी एक जाडजूड रजिस्टर माझ्यापुढे आदळलं. "शोधा. चळवळीच्या वर्षांतली पानं जपून उलटा. मोर्चेवाल्यांनी बाईंडिंग फाटायची वेळ आणलीय."

खरंच, पानंच्या पानं सत्याग्रहींची होती. जमावबंदी मोडली, जमावबंदी मोडली, जमावबंदी मोडली. मधूनच एखादा पाकीटमार दिसायचा, तोसुद्धा त्या गर्दीत देशभक्त वाटायचा. तासाभरानं मला हवं ते नाव सापडलं. काळाचौकी, व्हॅन, मागचा दिवा बंद, दंड. दारूचा थेंबसुद्धा नव्हता. मला इतका आनंद झाला की मी रजिस्टर छातीशी धरलं, साडी काळी झाली.

मग म्हटलं, आलोच आहोत तर वडिलांचं नावही डोळे भरून पाहू. सत्याग्रहाची तारीख चाळीत लहान पोरालाही पाठ होती. मी मागची पानं उलटली. ती तारीख आली. आधी आमच्या चाळीतले ते दोघे, जमावबंदी मोडल्याबद्दल. त्यांच्याखाली वडिलांचं नाव, आमच्या चाळीचा पत्ता, आणि पुढे इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं: शिवडी इथे मद्याच्या अंमलाखाली मोटार चालवून दिव्याच्या खांबाला धडक दिली. दंड. लायसन्स एक वर्ष रद्द.

मी तीनदा वाचलं. मग मला हसू फुटलं. असं फुटलं की कारकुनांच्या तपकिरीची डबी लवंडली. अगं बाई, म्हणजे तो हार! ती आरती! आणि ती प्रतिज्ञा! लायसन्सच नव्हतं, चाकाला हात लावणार कसा? सरकारनं वर्षभराची बंदी घातली होती, यांनी भावनेच्या भरात ती अख्ख्या महाराष्ट्राच्या गळ्यात बांधून ठेवली आणि स्वतःच अडकून बसले.

"दोन नकला द्या," मी डोळे पुसत म्हटलं.

कारकुनांनी दुसरं नाव वाचलं, माझ्या अर्जावरचं आडनाव वाचलं आणि स्टॅम्प मागितला.

नकला हातात आल्या त्या संध्याकाळी आत्याही घरी होती. मी मुलाची नक्कल वडिलांपुढे ठेवली. त्यांनी शिक्का पाहिला, सही पाहिली, कागद उजेडात धरून पाहिला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आज दिवा, उद्या दारू. गाडी चालवणाऱ्यांचा काय भरवसा?"

"ते तर खरंच," मी म्हटलं आणि दुसरा घडी घातलेला कागद पहिल्याशेजारी ठेवला. "म्हणून मी आणखी एक नक्कल आणलीय. आत्याला वाचून दाखवू?"

वडिलांनी घडीचा कोपरा उचलला. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आत्या मान लांब करून पाहत होती.

"मुलगा चांगला आहे," वडील म्हणाले. "मुहूर्त बघा."

मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. आई पोळ्या लाटत होती. न थांबता म्हणाली, "पिण्याचं कळलं वाटतं तुला? मला त्या हाराच्या वासावरूनच कळलं होतं."

मी जिंकले होते आणि भलतीच माजले होते. येता-जाता 'सत्याग्रही' म्हणून वडिलांना डिवचायची. ते ऐकून घ्यायचे. एके दिवशी मात्र गॅलरीत मला थांबवून अगदी हळू म्हणाले, "हार पडला तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, पण घोषणा सुरू झाल्या. मग जमलंच नाही." जाता जाता म्हणाले, "पुढची पानं पाहिली नसशील तू."

मी नव्हती पाहिली. लग्नाला पंधरा दिवस असताना पुन्हा हाफ डे टाकला. कारकून म्हणाले, "काय बाई, आता सासऱ्यांची चौकशी?" मी रजिस्टर ओढून घेतलं. त्या नोंदीपासून पुढची पाच महिन्यांची पानं उलटली आणि तिथे वडिलांचं नाव पुन्हा होतं. जमावबंदी मोडली. दंड भरण्यास नकार. आठ दिवस कैद.

त्या आठवड्यात ते आम्हाला अलिबागला जमिनीच्या कामासाठी जातो म्हणून सांगून गेले होते. परत आले तेव्हा अंगावर खरूज होती आणि आईनं अलिबागच्या पाण्याला नावं ठेवली होती. चाळीतलं कुणी न्यायला गेलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी त्या पानावर बोट ठेवून बसून राहिले. या खेपेला हसू आलं नाही. माझीच मला लाज वाटली.

लग्नाच्या दिवशी मी दादरहून एक हार जास्त मागवला. मंगलाष्टकं संपली, सगळे अक्षता टाकून मोकळे झाले, मी नवऱ्याला हार घातला आणि तशीच वळून दुसरा वडिलांच्या गळ्यात घातला. भटजी म्हणाले, "अहो, हे कुठल्या शास्त्रात?" आत्यानं कपाळाला हात लावला.

वडील गोंधळले. माझ्याकडे वाकून पुटपुटले, "हा आणि कशाबद्दल?"

"अलिबागबद्दल," मी म्हटलं.

त्यांनी खाली मान घातली. मागच्या वेळेसारखीच. पण या वेळी हार दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता, आणि पंगत उठेपर्यंत काही तो काढला नाही.