वैनगंगेचा दुसरा काठ

“दुसरा काठ दिसला नाही पाहिजे,” शालिनीवहिनी म्हणाल्या.

“नदीले दोन काठ राहतेतच, वहिनी,” मी म्हटलं. “एक कुठं लपवू?”

आम्ही कारध्याला नदीकाठी उभे होतो. समोर वैनगंगा दुथडी भरलेली, वर काळं आभाळ. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. भंडाऱ्यात माझा फोटो स्टुडिओ होता. वहिनी मालवणच्या. नवरा मधुकरराव, तेही तिकडचेच, चिखल्याच्या मँगनीज खाणीत क्लार्क. वहिनींच्या वडिलांची समजूत अशी, की मुलगी वाघांच्या रानात, कोरड्या दगडांवर जाऊन पडली आहे. दिवाळीनंतर ते तिला घेऊन जायला येणार होते. “आमच्याकडे समुद्राएवढं पाणी आहे,” असं वहिनींनी कळवून टाकलं होतं. आता पुरावा हवा होता.

“खोटं बोलले तुम्ही, अन् निस्तरू मी?”

“खोटं कुठं? थोडं वाढवून सांगितलं. तुम्ही नवरीचा रंग उजळता ना, तसं.”

यावर मी कॅमेरा पुसायला घेतला.

स्वच्छ उन्हात पलीकडची झाडंसुद्धा दिसतात. म्हणून मुद्दाम पावसाळी संध्याकाळ धरली होती. सरींनी काठ पुसला, पण उजेडही गेला. उजेड कमी असला की शटर, म्हणजे कॅमेऱ्यातला पडदा, जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात कोणी हललं की फोटो फिसकटला. ट्रायपॉडचे पाय चिखलात रुतत होते. मधुकरराव कॅमेऱ्यावर छत्री धरून होते.

“वहिनी, श्वास रोखा. पुतळा व्हा.”

बटण दाबलं आणि वारा सुटला. छत्री उलटी होऊन उडाली. मधुकरराव तिच्यामागे धावले आणि चिखलात सपशेल बसले. वहिनींना हसू आवरेना.

“काहून हसून राहिल्या? फोटो गेला ना!”

“तुम्ही यांच्याकडे बघा तरी!”

अंधारायच्या आत आणखी दोन फोटो घेतले. डार्करूममध्ये पाहिलं, तर ते दोन्ही सुरेख. पाणी क्षितिजापर्यंत, वहिनी पुतळ्यासारख्या. पहिल्यात मात्र चेहरा पुसट आणि नुसते दात. वहिनींनी वडिलांना पाठवायला नेमका तोच उचलला.

“स्टुडिओच्या नावाले बट्टा लागन, वहिनी.”

“मग मागे शिक्का मारू नका.”

दिवाळी झाली आणि वडील मुलीकडून पत्ता घेऊन थेट स्टुडिओत आले. काटक माणूस, होड्या बांधणारा. तो फोटो त्यांनी टेबलावर ठेवला. मी चाचरत विचारलं, “पाणी कसं वाटलं?”

“नदी ती. माका कळत नाय काय?”

मी घाईनं त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली.

“हिची आई गेली, तेव्हापासून पोर अशी हसलेली मी बघूक नाय,” ते म्हणाले. “आता हिका नेव कित्याक? ह्योच मोठो करून द्या.”

मी एनलार्जमेंट करून दिली. मोठा केल्यावर तो आणखीच पुसट झाला. ते खूश होऊन एकटेच मालवणला परतले.

माझ्या मते तो फोटो आजही फिसकटलेलाच आहे. पण गिऱ्हाईकानं फोटोत काय बघावं, हे फोटोग्राफरनं ठरवू नये. त्यानं बटण दाबावं.